मेन कून

मेन कून : अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात घडलेली, लांब केसांची आणि मजबूत हाडापेराची पाळीव मांजराची जात. पाळीव मांजरांच्या सर्वांत मोठ्या जातींत हिची गणना होते. उत्तर अमेरिकेतील जुन्या जातींपैकी ही एक असून १९८५ मध्ये मेनने तिला राज्याचे अधिकृत मांजर म्हणून मान्यता दिली. वाघाची मावशी हे नाते शोभून दिसावे असे हिचे रूप आहे; पण हे मांजर समजून घ्यायचे तर आकारापेक्षा त्याच्या गावाच्या हवेपासून सुरुवात करावी.

मेनचा किनारा खडकाळ, बंदरांनी भरलेला, आणि हिवाळा लांबलचक. बर्फ महिनोन्‌महिने हटत नाही. एकोणिसाव्या शतकात इथली मांजरे घरात लाडात वाढत नव्हती. धान्याची कोठारे, गोठे आणि गलबते ही त्यांची कामाची जागा, आणि उंदीर मारणे हे त्यांचे काम. परदेशी जहाजांवरून आलेली लांब केसांची मांजरे आणि किनाऱ्यावरची आखूड केसांची स्थानिक मांजरे यांच्या संकरातून ही जात आली असावी, हे मत आज सर्वाधिक ग्राह्य मानले जाते. ज्यांचे केस दाट, पंजे रुंद आणि अंग काटक, ती थंडीत टिकली व त्यांचीच पिल्ले वाढली. आज प्रदर्शनांत मिरवणाऱ्या अनेक जाती माणसाने जोड्या जुळवून तयार केल्या. मेन कूनचा साचा मात्र शेतकऱ्याच्या गोठ्यात आणि मेनच्या बर्फात आधीच तयार झाला होता. या जातीचे खरे मोल त्यातच आहे.

उगमाच्या दंतकथा पुष्कळ. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिने पळून जाण्याच्या तयारीत आपली लाडकी मांजरे सॅम्युएल क्लफ या कप्तानाच्या जहाजावर चढवली. राणी पोचली नाही, पण मांजरे मेनमधील विस्कॅसेट गावी पोचली, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. दुसरी कथा व्हायकिंग दर्यावर्दींनी ही मांजरे आणल्याची. तिसरी रॅकून या प्राण्याशी झालेल्या संकराची : वलयांकित झुपकेदार शेपटीवरून ती सुचली आणि नावातला ‘कून’ हा शब्दही बहुधा तिथूनच आला. रॅकून आणि मांजर ही दोन वेगळी प्राणिकुळे असल्यामुळे असा संकर शक्यच नाही. बाकीच्या कथांनाही पुराव्याचा आधार नाही.

लेखी इतिहास १८६१ पासून सापडतो. फ्रान्सिस सिम्प्सन यांच्या १९०३ मधील ‘द बुक ऑफ द कॅट’ या ग्रंथात ‘कॅप्टन जेन्क्स ऑफ द हॉर्स मरीन्स’ अशा भारदस्त नावाच्या काळ्यापांढऱ्या मांजराचा १८६१ सालचा उल्लेख आहे. मे १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात कोझी नावाच्या तपकिरी पट्टेरी मांजरीने सर्वोत्कृष्ट मांजराचा मान आणि चांदीचा गळपट्टा जिंकला. त्यानंतर मात्र दिवस फिरले. पर्शियन आणि इतर विदेशी मांजरांची हौस वाढली, आणि घरोघरी दिसणाऱ्या या मांजराकडे प्रदर्शनवाल्यांनी पाठ फिरवली. १९५० च्या दशकात जात संपल्याची हाकाटीही झाली, पण ती खोटी ठरली. शेतावर आणि गावात ही मांजरे होतीच. त्याच दशकात एथिलिन व्हिटमोर, आल्टा स्मिथ आणि रूबी डायर यांनी सेंट्रल मेन कॅट क्लब स्थापून प्रदर्शने भरवली व जातीचे पहिले लेखी मानक केले. १९६८ मध्ये पैदासकारांची संघटना उभी राहिली. कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने, म्हणजे सीएफएने, १९७६ मध्ये तिला स्पर्धेसाठी पूर्ण मान्यता दिली. तीन बायकांच्या चिकाटीने ही जात कागदावर परत आली, याची आठवण ठेवली पाहिजे.

बोक्याचे वजन साधारण ६ ते ८ किलो, मांजरीचे साडेतीन ते साडेपाच किलो. म्हणजे मेन कून मांजरी कित्येकदा गल्लीतल्या धष्टपुष्ट बोक्याएवढीच भरते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची लांबी एक मीटरपर्यंत जाते. अमेरिकेतील रेनो शहरातला स्टुई हा बोका २०१० मध्ये १२३ सेंटिमीटर भरला आणि सर्वांत लांब पाळीव मांजर म्हणून गिनीज बुकात गेला. इटलीतील बारिव्हेल २०१८ मध्ये १२० सेंटिमीटर भरला. हे विक्रम आहेत, जातीचे माप नव्हे. अंग लांब व चौकोनी, छाती रुंद, थूथन ठसठशीत चौकोनी आणि कान मोठे, उभे, टोकांवर केसांचे झुबके असलेले. चॉकलेटी, फिकट जांभळट छटेचा आणि सयामी धाटणीचा असे काही रंग सोडले तर सीएफएला जवळजवळ सगळे रंग चालतात. तपकिरी पट्टेरी हा मात्र तिचा ओळखीचा रंग. पूर्वी मेनमध्ये जादा बोटांची मांजरे बरीच आढळत. आजच्या बहुतेक मानकांत तो दोष धरतात.

अंगावरचे केस सगळीकडे सारखे नसतात. खांद्यावर ते आखूड, पाठीकडे वाढत जाणारे, पोटावर आणि मांड्यांच्या मागे सर्वांत लांब, गळ्याभोवती आयाळ. आत मऊ अस्तर आणि वर पाणी झटकणारे रेशमी केस. पंजा उलटा करून पाहिला तर बोटांच्या फटींतूनही केसांचे झुबके बाहेर डोकावतात. बर्फावर चालताना गाद्या गार पडू नयेत म्हणून ते उपयोगी पडतात. शेपटी अंगाएवढी झुपकेदार. झोपताना ती नाकावर ओढून घेतली की पांघरूण होते.

ही जात सावकाश वाढते. देशी मांजर वर्षभरात पुरते वाढते. मेन कूनला तीन ते पाच वर्षे लागतात. वर्षाचा बोका अंगाने मोठा दिसला तरी पोरसवदाच असतो. याच काळात लोक फसतात : ‘मोठी जात आहे’ म्हणून खायला घालत राहतात आणि चरबीला हाड समजतात. बरगड्यांवरून तळहात फिरवावा. दिसल्या नाहीत तरी बोटांना त्या लागल्या पाहिजेत.

स्वभाव मायाळू आणि कुतूहलाचा. मांडीवर बसेलच असे नाही. पण माणूस या खोलीतून त्या खोलीत गेला की मागोमाग येऊन जवळपास बैठक मारते. फेकलेली चिंधी परत आणून देण्याचा खेळ अनेकजणी शिकतात. पाण्याचे वेड बऱ्याच जणींना असते. पंजाने पाणी ढवळायचे, मग प्यायचे. एवढ्या अंगातून येणारा आवाज मात्र बारीक, चिवचिवाटासारखा. कुत्रा आणि मुले असलेल्या घरात हे मांजर सहसा चांगले रुळते.

विंचरणे हा निगेचा मुख्य भाग. आठवड्यातून दोनतीनदा लोखंडी दातांच्या फणीने, आणि मुख्यतः काखेत, पोटाखाली व मांड्यांच्या मागे, कारण जटा तिथेच होतात. गाठ सापडली की केस मुळाशी चिमटीत धरावेत, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडेथोडे सोडवत यावे. कात्री चालवू नये. मांजराची कातडी पातळ असते, गाठीबरोबर तीही वर उचलली जाते आणि कापली जाते.

या जातीचा सर्वांत गंभीर प्रश्न हृदयाचा आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, कप्पा आक्रसतो आणि रक्त पुरेसे भरत नाही. एमवायबीपीसी-३ या जनुकातील एक बदल या विकाराशी संबंधित असल्याचे २००५ मध्ये कॅथरिन म्यूर्स व सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आई व बाप दोघांकडून हा बदल आलेल्या पिल्लांना धोका अधिक. बऱ्याच मांजरांत वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. मग एके दिवशी धाप लागते, किंवा रक्ताची गुठळी अडकून मागचे पाय एकाएकी लुळे पडतात. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून जनुकाची तपासणी होते. ती निर्दोष आली तरी धोका पूर्ण टळत नाही, म्हणून पैदाशीच्या मांजरांच्या हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी, म्हणजे इको, वेळोवेळी करावा लागतो. याखेरीज खुब्याचा सांधा सैल असणे आणि पाठीच्या कण्यातील चेतापेशी झडून मागचे पाय दुबळे होणे हे विकारही या जातीत आढळतात.

महाराष्ट्रात ही मांजरे पाळली जातात ती हौसेने, हवा मानवते म्हणून नव्हे. विदर्भातला मे महिना आणि कोकणातला पावसाळा दोन्ही त्यांना जड जातात. मांजराला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून येतो. जीभ बाहेर काढून धापणारे मांजर कुत्र्यासारखे गारवा घेत नसते, ते संकटात असते आणि त्याला लगेच डॉक्टरकडे न्यावे. उन्हाळ्यात सारे अंग भादरण्याची चूक करू नये. गार फरशी, पंखा, भरपूर पाणी आणि गरज पडल्यास एसी हाच उपाय. दमट दिवसांत ओले अस्तर तसेच राहिले तर कातडीला बुरशी लागते, म्हणून भिजलेले मांजर मुळापर्यंत कोरडे करावे.

लांब केस आणि थोराड अंग एवढ्यावरून कोणतेही मांजर मेन कून ठरत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचा वंशावळीचा दाखला लागतो. वाचकांपैकी कोणी पिल्लू घेणार असेल तर त्याने वजनाचा आकडा विचारण्याआधी आईबापांच्या जनुकतपासणीचा आणि इकोचा अहवाल मागावा, आणि तो न दाखवणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.