जाती, जातीपत्र व जातीपत्री

वैद्यकाचीं जुनीं बाडें वाचतांना ‘जाती’ या शब्दापाशीं संशोधकाची फसगत होण्याचा संभव फार. या एकाच शब्दानें अंगणांतील जाईचा वेल कळतो आणि समुद्रापलीकडून आलेलें जायफळही कळतें. शिवाय ‘जातीपत्र’ म्हणजे जाईचें पान व ‘जातीपत्री’ म्हणजे जायपत्री. भेद अवघ्या एका वेलांटीचा, आणि नकलाकाराच्या हातून ती गळणें किंवा चढणें सहज घडतें. म्हणून या शब्दाचा निर्णय कसा करावा, याचा येथें विचार करूं.

प्रथम वेलीची ओळख. अमरकोशांत सुमना, मालती व जाती हीं एकाच वेलीचीं नांवें दिलीं आहेत. मल्लिका म्हणजे मोगरा व यूथिका म्हणजे जुई. त्यांहून ही निराळी. लिनीअसनें 1762 मध्यें हिला जस्मिनम् ग्रांडिफ्लोरम् हें नांव दिलें. जायफळाचा वृक्ष अगदींच निराळ्या कुळांतला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्याचा व्यापारी माल बांदा बेटांतूनच येत असे. तात्पर्य, एक वस्तु परसांतली, फुकट मिळणारी. दुसरी गलबतानें येणारी व महाग.

आतां ग्रंथांकडे वळूं. चरकाच्या सूत्रस्थानांत, पांचव्या अध्यायांत, मुखाच्या सुगंधासाठीं तोंडांत धरावयाचीं द्रव्यें सांगितलीं आहेत. तेथें जातीच्या जोडीला सुपारी, लवंग, कंकोळ, विड्याचें पान, कापूर व वेलदोडे आहेत, आणि जातीचें ‘फल’ घ्यावयास सांगितलें आहे. औषधांत जाईचीं पानें, फुलें व मुळें येतात, फळ येत नाहीं. तेव्हां येथें जायफळच घेतलें पाहिजे.

याच्या उलट वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील जात्यादि घृत. उत्तरस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत, व्रणचिकित्सेंत, तें येतें. त्यांत जाती, निंब व पटोल या तिघांस मिळून ‘पत्र’ हा एकच शब्द लागतो. पुढें कुटकी, दारुहळद, हळद, मंजिष्ठ, मेण व मोरचूद येतात. कडूनिंबाच्या पाल्याशेजारीं जाईचा पालाच शोभतो. तोंड आलें असतां गुळण्यांसाठीं सांगितलेल्या काढ्यांतही जातीपत्र आहे. सोबत गुळवेल, द्राक्षें, दारुहळद व त्रिफळा असून काढा निवल्यावर त्यांत मध घालावयाचा. रोग तोंडाचाच, परंतु द्रव्य चरकांतलें नव्हे. तेथें सुगंध हवा होता, येथें व्रण भरावयाचा आहे.

सोळाव्या शतकांतील भावप्रकाशानें तर हा घोळ स्पष्टच मिटविला आहे. त्यानें जातीफल व जातीपत्री कर्पूरादि वर्गांत घातलीं आणि जाती पुष्पवर्गांत ठेवून शिर, नेत्र, मुख व दंत यांचे रोग, कुष्ठ आणि व्रण यांवर ती सांगितली.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. जात्यादि घृतांत कोणीं जायपत्री वाचली, तर वैद्य औषध चुकेल आणि इतिहासकार त्यावरून मसाल्याच्या व्यापाराचा भलताच पुरावा उभा करील. गरिबाच्या परसांतील पाल्याचा इलाज अशा रीतीनें श्रीमंताच्या डब्यांत जाऊन बसेल. यास्तव बाड छापतांना वनस्पतीचें कोणतें अंग सांगितलें आहे, सोबतचीं द्रव्यें कोणतीं आणि रोग कोणता, या तीन गोष्टी पाहून अर्थ करावा. तिन्हींनीं निर्णय होत नसेल तेथें मूळ पाठ जसाच्या तसा छापावा. वेलांटी आपल्या मतानें देऊं नये, असें आम्हांस वाटतें.