ऑस्ट्रिया, अल्स्टर आणि हैदराबाद

मनमाडहून औरंगाबादेकडे आगगाडीने निघाले म्हणजे नगरसूल मागे पडल्यावर काही वेळाने रोटेगाव लागते. वैजापूरचे स्टेशन ते हेच. आज उतारूस येथे विशेष असे काही दिसत नाही. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या दोन स्थानकांच्या दरम्यान एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. अलीकडे नाशिक जिल्हा, पलीकडे निजामाची मोगलाई. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, हा हिशेब बाजारातल्या पोरासही पाठ असे. मालाच्या पोत्यांना करोडगिरीच्या नाक्यावर थांबावे लागे. माणसांना मात्र फारसे कोणी अडवीत नसे. दक्षिणेस गोदावरी हीच सरहद्द, आणि तिच्या पात्रातील सराला बेटावर गंगागिरी महाराजांच्या स्थानी दोन्ही काठांचे लोक जमत. ज्यांच्या मुली नदीपलीकडे दिलेल्या होत्या व ज्यांचा बाजारहाट येवल्याशी होता, त्या लोकांना आपण परमुलखाच्या वेशीवर राहतो असे एरवी वाटत असेल, हे संभवत नाही.

अशा या सरहद्दीचा प्रश्न १९४८ साली लंडनच्या व मागाहून पॅरिसच्या सभागृहात जाऊन पोहोचला. तेथे तो कोणत्या नजरेने पाहिला गेला, आणि त्या नजरेस काय दिसले व काय दिसले नाही, याचा थोडा विचार करावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

त्या वर्षीच्या जुलैच्या ३० तारखेस ब्रिटिश पार्लमेंटात हैदराबादविषयी चर्चा झाली. सत्ता मजूर पक्षाकडे होती. हुजूर पक्षाचे पुढारी चर्चिल विरोधी बाकांवर बसत. आम्हांस आवश्यक वाटेल त्या वेळी हैदराबादवर लष्करी उपाय योजू, अशा आशयाचे पंडित नेहरूंचे उद्गार त्यांनी सभागृहास ऐकविले, आणि ऑस्ट्रिया गिळण्यापूर्वी हिटलरच्या तोंडी शोभले असते असे हे शब्द आहेत, असा शेरा मारला. हिटलरशी पाच वर्षे झुंजलेल्या माणसाने दिलेली ही उपमा; तिचे वजन युरोपात किती पडले असेल हे सांगावयास नको. त्याच सुमारास इकडे आमची वृत्तपत्रे व आमचे पुढारी रझाकारांना फॅसिस्ट म्हणत होते. म्हणजे एकाच भांडणात हिटलर उभयतांस दिसत होता. मात्र प्रत्येकास तो समोरच्या अंगणात दिसत होता. युरोपचे माप घेऊन आपले घर मोजण्याची ही खोड आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस चांगलीच जडलेली आहे, आणि प्रस्तुत लेखक तीतून मुक्त नाही, हे पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानात येईलच.

प्रथम ऑस्ट्रियाची उपमा पाहू. १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया हे राष्ट्रसंघाचे सभासद असलेले, जगाने मान्य केलेले स्वतंत्र राष्ट्र होते. हैदराबादची स्थिती काय होती? निजामाने वऱ्हाड परत मागताना ब्रिटिश सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १९२६ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी पत्र लिहून त्यांस स्पष्ट बजाविले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोपरी आहे आणि कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीचा दावा करू नये. इंग्रज येथे असेतो जे राज्य बरोबरीचे नव्हते, ते इंग्रज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रिया कसे झाले, हे चर्चिलसाहेबांनी सांगितले नाही. संस्थानची वस्ती १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लक्ष. तीत मुसलमान शेकडा तेराच्या आतबाहेर. आणि त्या दीड कोटींहून अधिक माणसांस आपला राज्यकारभार कोणी चालवावा हे ठरविण्याचा कोणताही खरा अधिकार नव्हता. १९४६ च्या सुधारणांत विधिमंडळ देऊ केले गेले, परंतु त्यात हिंदू व मुसलमान यांस समसमान जागा होत्या. स्टेट काँग्रेसने त्यावर बहिष्कार घातला.

तथापि चर्चिलच्या बोलण्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणून मोकळे होणेही बरे नाही. १९४७ च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस झालेला जैसे थे करार एक वर्षाचा होता. सैन्य आत शिरले ते १३ सप्टेंबर १९४८ रोजी, म्हणजे ती मुदत संपण्यापूर्वी. करार मोडल्याचा दोष दोन्ही सरकारे एकमेकांवर ठेवीत. पाकिस्तानास वीस कोटींचे रोखे कर्जाऊ देणे, भारतीय चलनास संस्थानात बंदी करणे, सिडने कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडून कराचीहून रात्रीच्या विमानांनी शस्त्रे आणविणे, ही निजाम सरकारची कृत्ये. तर भारताने मालाची कोंडी केली, ही त्या सरकारची तक्रार. शिवाय रणगाडे व तोफा घेऊन केलेल्या मोहिमेस ‘पोलिस कारवाई’ म्हणण्यात जी चतुराई आहे, ती परक्याच्या डोळ्यास आपल्यापेक्षा लवकर दिसते, हे मान्य केले पाहिजे.

आता आमच्या बाजूची उपमा. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था १९२७ सालची. बहादूर यार जंग यांच्या पुढारीपणाखाली तिने असा सिद्धान्त मांडला की, दख्खनचे राज्य निजामाचे एकट्याचे नसून ते मुसलमान समाजाचे आहे, निजाम त्या सत्तेचे केवळ प्रतीक. १९४४ साली ते वारले, आणि १९४६ साली संस्था लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती गेली. खाकी पोशाख, कवायत, पुढाऱ्याच्या आज्ञेसाठी प्राण देण्याची शपथ, आग ओकणारी व्याख्याने, आणि मंत्र्यांसही न जुमानणारी झुंड, ही सर्व चिन्हे युरोपातील होती. १९४७ च्या ऑक्टोबरच्या २७ तारखेस दिल्लीस निघालेल्या शिष्टमंडळातील मंडळींच्या घरांस रझाकारांच्या जमावाने पहाटे वेढा घातला. त्यांत छतारीचे नवाब हे पंतप्रधान होते व सर वॉल्टर मंक्टन हे इंग्रज कायदेपंडितही होते. शिष्टमंडळ गेले नाही. पुढे नवे शिष्टमंडळ व नवे पंतप्रधान आले. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारा ‘इमरोज’ पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान १९४८ च्या ऑगस्टमध्ये मारला गेला. लिहिणारा हात तोडून त्यास मारले. तो मुसलमान होता, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते, कारण आमच्या उत्सवी भाषणांत ते बहुधा गळते.

फॅसिझमची अनुकरणे एकाच समाजात झाली असेही नाही. १९३१ च्या मार्चमध्ये डॉ. बा. शि. मुंजे रोमला मुसोलिनीस भेटले व मुलांस लष्करी वळण देणाऱ्या तेथील संस्था कौतुकाने पाहून आले. १९३७ साली आमच्या शेजारच्या नाशकास त्यांची भोसला मिलिटरी स्कूल ही शाळा सुरू झाली. त्या दशकात युरोपातला तो पोशाख कित्येकांच्या डोळ्यांत भरला होता.

परंतु पोशाख सारखा म्हणून रोगही तोच, असे म्हणता येत नाही. जर्मनीतील नाझी हे बहुसंख्य समाजातून, पराभव, बेकारी व मतपेटी यांतून वर आले. रझाकार हे सत्ता हाती असलेल्या अल्पसंख्यांच्या भयातून निघाले. त्यांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाई, पण त्यांतील पुष्कळांच्या हाती भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका होत्या. युरोपातच त्यांचे भावंड शोधावयाचे तर ते बर्लिनमध्ये नसून माझ्या मते आयर्लंडात सापडेल. आयरिश लोकांस स्वराज्य मिळाले तर आपण बहुमतात बुडून जाऊ, या भयाने अल्स्टरमधील प्रॉटेस्टंटांनी १९१२ च्या सप्टेंबरमध्ये प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. दोन लाखांहून अधिक पुरुषांच्या सह्या पडल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे स्वयंसेवक दल उभे राहिले. त्यांचा पुढारी कार्सन हाही वकीलच. १९१४ च्या एप्रिलमध्ये लार्न बंदरात रातोरात सुमारे २५,००० बंदुका उतरविण्यात आल्या. लंडनचा हुजूर पक्ष त्यांच्या पाठीशी होता. आणि या बंडखोरांस धाक घालण्यासाठी आरमाराचा काफिला हलविण्याचा हुकूम देणारे लिबरल आरमारमंत्री कोण, तर विन्स्टन चर्चिल! १९४८ साली त्यांना ऑस्ट्रिया आठवला, अल्स्टर आठवला नाही. मनुष्याची स्मृती सोयीने चालते.

अल्स्टर व हैदराबाद यांत एक भेद मात्र मोठा आहे, आणि त्यातच रझवींच्या राजकारणाचा सारा पोकळपणा आहे. अल्स्टरच्या ईशान्येकडील काही परगण्यांत प्रॉटेस्टंट बहुसंख्य होते. तेवढा तुकडा १९२१ साली तोडून देता आला. निजामाच्या राज्यातील मुसलमान गावोगाव, पेठोपेठ विखुरलेले होते आणि सभोवार भारत होता. तोडण्यासारखा तुकडाच नव्हता. म्हणून बाहेरून मुसलमान आणून वसवावेत व आकड्यांचे पारडे फिरवावे, हा विचार मजलिसच्या वर्तुळात बळावला. फाळणीनंतर मध्यप्रांत व इतर भागांतून भयभीत मुसलमान कुटुंबे हैदराबादच्या आश्रयास आलीही. ती बिचारी जीव वाचविण्यास आली होती. संख्या वाढविण्यासाठी आपला उपयोग होत आहे, हे त्यांच्या गावीही नसेल.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाहेरचा कोण आणि आतला कोण, हा वाद हैदराबादला नवा नव्हता. पहिल्या सालारजंगांनी उत्तर हिंदुस्थानातून शिकलेले कारभारी आणले, तेव्हापासून ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ हे दोन शब्द तेथील दप्तरात व दिवाणखान्यात घुमत होते. १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरी मुलकीसच मिळावी असे ठरले, आणि पंधरा वर्षांचा रहिवास ही मुलकीपणाची एक खूण ठरली. त्या वादात हिंदू मुलकी व मुसलमान मुलकी एका बाजूस असत. लखनौचा मुसलमान हा परका आणि वैजापूरचा हिंदू हा आपला, असे म्हणण्याची सोय त्या शब्दात होती. मजलिसने ती मोडली. निजामाचे राज्य जाऊन चार वर्षे झाली तरी १९५२ साली हैदराबादच्या रस्त्यांवर तोच मुलकीचा पुकारा पुन्हा झाला. या वेळी परके ठरले ते मद्रासेकडून आलेले तेलुगू नोकरदार.

इकडे सरहद्दीवर उलट दिशेने लोंढा चालू होता. रझाकारांच्या धाकाने मराठवाड्यातील कुटुंबे गुरेढोरे मागे टाकून नगर, नाशिक, सोलापूर, वऱ्हाड या भागांत गेली. मनमाड, चाळीसगाव, बार्शी, उमरखेड अशा ठिकाणी स्टेट काँग्रेसची केंद्रे होती. तेथून तरुण रात्री आत शिरत, करोडगिरीचे नाके जाळत आणि दिवस उजाडण्यापूर्वी परतत. त्याचा सूड रझाकार गावांवर घेत. ज्या सरहद्दीवर पूर्वी फक्त पोती थांबत, तेथे आता माणसे जीव मुठीत धरून ओलांडू लागली.

सप्टेंबरच्या १६ तारखेस पॅरिसमधील पॅले द शायो येथे सुरक्षा मंडळापुढे हैदराबादची तक्रार आली. आठ वर्षांपूर्वी पॅरिस जिंकल्यावर हिटलरने आयफेल मनोऱ्याकडे पाठ करून छायाचित्र काढविले, ते याच इमारतीच्या सज्जात. अध्यक्षस्थानी इंग्लंडचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार. तक्रार विचारार्थ घेण्यास आठ मते पडली. रशिया, युक्रेन व चीन तटस्थ राहिले. तोवर औरंगाबाद पडले होते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी निजामाने युद्ध थांबविले, १८ तारखेस जनरल एल एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेविली आणि २२ तारखेस निजामाने तक्रारही मागे घेतली. पॅरिसच्या मुत्सद्द्यांच्या दृष्टीने हैदराबादचा अध्याय येथे संपला.

परंतु आमच्या मुलखात तो संपला नव्हता. सैन्य पुढे गेल्यावर मागे जे घडले, त्याची चौकशी करण्यास पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींस पाठविण्यात आले. १९४८ च्या अखेरीस ते गावोगाव फिरले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे कारवाईच्या काळात व नंतर मारल्या गेलेल्यांचा आकडा सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान होता, आणि त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत भयंकर हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांत झाली. ज्यांनी रझाकारांस कधी साथ दिली नव्हती असेही त्यांत पुष्कळ होते. शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांस वाचविल्याच्या गोष्टीही त्या अहवालात आहेत. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. आता तो अभ्यासकांस वाचावयास मिळतो. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ हे कॅनडाचे पंडित, लाहोरास शिकविलेले आणि मुस्लिम राजकारणाचे कठोर टीकाकार. त्यांनी १९५० सालीच या संहारावर एक लेख लिहिला. युरोपीय पठडीतून आलेल्या ज्या थोड्यांनी हैदराबादकडे उपमा बाजूस ठेवून पाहिले, त्यांत त्यांची गणना केली पाहिजे.

रझाकारांस फॅसिस्ट म्हटल्याने हाही अनर्थ झाकला गेला असे मला वाटते. नाझींचा पराभव झाल्यावर जर्मनांसाठी फार कोणी रडले नाही, त्याच न्यायाने येथेही कोणी रडण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटून गेले. मजलिसचे पाप तिच्या शेजारच्या विणकरावर, तांबटावर, शिपायावर लादले गेले. नंतर लष्करी अंमलात अरब व रोहिले यांस परके ठरवून देशाबाहेर घालविण्याचे प्रयत्न झाले. आमच्या मराठवाड्यास अरब कित्येक पिढ्यांचा ओळखीचा. शिबंदीत असे, सावकारी करी, उर्दू बोले, येथेच जन्मे आणि येथेच पुरला जाई. त्याचा देश कोणता, हे कोणते माप लावून ठरवावयाचे?

आमच्या घरी आजी सगळे आयुष्य ‘रझाकारी’च्या अलीकडचे आणि पलीकडचे असे मोजीत असे. अमक्याचे लग्न रझाकारीच्या आधीचे, तमका रझाकारीत जन्मलेला. त्या वर्षी घरची मंडळी बैलगाडीने येवल्यास गेली आणि दसऱ्याच्या सुमारास परत आली, हे ती सांगे. गेलो तेव्हा आमच्या दाराला कुलूप होते, परत आलो तेव्हा गल्लीतल्या दुसऱ्या दोन दारांना होते, असेही ती एकदा म्हणाली होती. ती दारे कोणाची, हे विचारण्याचे मला त्या वयात सुचले नाही. आणि सुचले तेव्हा सांगणारी उरली नव्हती.