खुब्याचे स्नायू आणि जामखेड : ग्रामीण पुनर्वसनाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना : कृत्रिम पायाचा इतिहास सामान्यतः साधनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्या साधनास गती देणारे बळ शरीराचे, विशेषतः खुब्याच्या स्नायूंचे असते. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडच्या संदर्भात या बाजूचा परामर्श घेतला आहे.

स्नायूंचे कार्य : चालताना प्रत्येक पावलागणिक देहाचा भार काही क्षण एकाच पायावर येतो. त्या वेळी टेकलेल्या पायाकडील ग्लुटिअस मेडियस व मिनिमस हे स्नायू कंबर समपातळीत राखतात. ते दुर्बल झाल्यास उचललेल्या पायाकडील बाजू खाली झुकते व चाल डुलती होते. हे लक्षण जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिले. पोलिओने या स्नायूंना ग्रासल्यासही तशीच चाल दिसते. उकिडव्या स्थितीतून उठण्याचे व चढ चढण्याचे काम ग्लुटिअस मॅक्सिमसचे. तर इलिओसोआस मांडी पुढे उचलतो.

जामखेडचा प्रयोग : डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविणाऱ्या या कार्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला. पुढे प्रकल्पात कृत्रिम अवयवांची कार्यशाळा उभी राहिली व तेथे जयपूर फूट बनू लागला. कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस घडविलेला हा पाय बुटाविना वापरता येतो, चिखलात टिकतो आणि उकिडवे बसू देतो. कोरडवाहू शेतीवर व मजुरीवर जगणाऱ्या तालुक्यात हे गुण म्हणजे चैन नव्हे, तर उपजीविकेचा आधार होय.

तथापि गुडघ्यावरून पाय गेलेल्या व्यक्तीस केवळ साधन पुरत नाही. कृत्रिम पाय पुढे टाकणे, टाच टेकताच कृत्रिम गुडघा मुडपू न देणे आणि कंबर सावरणे, ही तिन्ही कामे खुब्याच्या स्नायूंनाच करावी लागतात. त्यांना व्यायामाने बळ न मिळाल्यास चांगला पायही घराच्या कोपऱ्यात पडून राहण्याचा संभव असतो.

निष्कर्ष : पुनर्वसनाचे यश वाटलेल्या पायांच्या संख्येवर मोजणे अपुरे आहे. माणूस पुन्हा बांधावर चालू लागला की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय.