नापसंतीचा परवाना

मुंबई शहरांत घर बांधूं इच्छिणाऱ्या गृहस्थाला महानगरपालिकेकडून प्रथम जें महत्त्वाचें पत्र मिळतें, त्याचें नांव ऐकून परगांवचे श्रोते चकित होतील. त्याला 'नापसंतीची सूचना' म्हणतात! तरीहि घरमालक तें आनंदानें स्वीकारतो; कारण त्यावांचून काम पुढें सरकत नाहीं. १९६६ च्या नगररचना कायद्यानें काम सुरू करण्याचा निराळा दाखला आवश्यक केला. पण या नापसंतीचें मूळ पुष्कळ जुनें आहे.

तें १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यांत सांपडतें. कलम ३३७ प्रमाणें, बांधण्याचा इरादा असणाऱ्यानें कमिशनरांस तशी नोटीस द्यावयाची. तीस दिवसांत लेखी नापसंती आली नाहीं, तर कलम ३४५ अन्वयें त्यानें वर्षाच्या आंत खुशाल बांधावें. मात्र कायद्याचा कोणताहि नियम मोडूं नये. नापसंती आलीच, तर कलम ३४६ प्रमाणें तींत अटी लिहून येत, आणि त्या पाळल्या कीं बांधण्यास मोकळीक. म्हणजे घर बांधण्याचा हक्क मालकाचा मूळचाच. अधिकाऱ्यानें हरकत असल्यास ती वेळेवर सांगावी, एवढेंच. कचेरीचें मौन अर्जदाराच्या पदरांत टाकणारा कायदा मला तरी विरळा वाटतो.

परंतु या सौजन्याचा लाभ उठवून शहर कसें वाढलें होतें, तें १८९६ च्या सप्टेंबरांत उघडें पडलें. मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ग्रंथिक ज्वराचा रोगी ओळखला आणि प्लेग आल्याचें जाहीर केलें. अधिकारी चाळींत शिरले, तेव्हां भर दुपारीं दिवा लावावा लागेल अशा खोल्या त्यांना आढळल्या. दोन इमारतींमध्यें हवेसाठीं म्हणून उरलेली जागा म्हणजे भंग्याला जेमतेम जातां येईल अशी घरगल्ली. ऊन आंत यावें म्हणून छपरांचीं कौलें काढण्यांत आलीं; राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर 'यू. एच. एच.' हीं अक्षरें रंगविण्यांत आलीं. अंधार आणि कोंदट हवा हींच रोगाचीं कारणें, अशी त्या काळची समजूत होती. त्याच समजुतींतून १८९८ सालीं मुंबईची इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आली.

या ट्रस्टनें आपल्या योजनांसाठीं एक कोन ठरविला: साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या जमिनीपासून या कोनांत वर रेघ ओढली, तर समोरची भिंत त्या रेघेच्या वर डोकावतां कामा नये. हिशेब सोपा आहे. समोरची भिंत चाळीस फूट उंच असेल, तर मध्यें वीस फूट मोकळे हवेत. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ओर यांनीं तर या कोनाचा ध्यासच घेतला होता. परवानगीचा प्रश्न आतां केवळ मालक आणि कचेरी यांच्यामधला राहिला नाहीं; समोरच्या खोलींत श्वास घेणारें बिऱ्हाड त्यांत तिसरें पक्षकार झालें.

मालकांची तक्रारहि निव्वळ लोभाची नव्हती. मोकळी सोडलेली जागा भाडें देत नाहीं, तें उरलेल्या खोल्यांवरच बसतें. आणि ट्रस्टनें आरंभीं घरें पाडलीं अधिक, बांधलीं कमी. ज्यांना उजेड मिळावा म्हणून हा खटाटोप, त्यांतले कित्येक शेजारच्या आणखी अंधाऱ्या चाळींत जाऊन दाटले. हा दोष कोनाचा नव्हे. पण ट्रस्टचा खास होता.

गंमत अशी कीं, ज्या वर्षीं ट्रस्ट स्थापन झाली त्याच १८९८ सालीं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून दाखविलें कीं, प्लेग उंदरांवरच्या पिसवा पसरवितात. म्हणजे कोनाचा पायाच चुकीचा ठरला! पण कोन टिकला. कारण क्षयाच्या जंतूंना सूर्यप्रकाश मारक आहे, हें तोंवर सिद्ध झालें होतें. औषध बरोबर, रोग मात्र दुसराच निघाला.

ट्रस्ट १९३३ सालीं म्युनिसिपालिटींत विलीन झाली. श्रोत्यांपैकीं जे जुन्या मुंबईंत राहतात, त्यांनीं सवडीनें खिडकींतून समोरची भिंत न्याहाळावी आणि मधली गल्ली पावलांनीं मोजावी. भिंत आपल्या जमिनीच्या पातळीपासून गल्लीच्या रुंदीच्या दुपटीहून उंच भरली, तर ती ओरसाहेबांना पसंत पडली नसती.