हाकोआच्या जलतरणपटू

व्हिएन्नातील अनेक क्रीडामंडळांची दारे ज्यूंना बंद होती. म्हणून १९०९ साली तेथील ज्यूंनी ‘हाकोआ’ हे स्वतःचे मंडळ स्थापिले. हाकोआ म्हणजे हिब्रू भाषेत सामर्थ्य. त्याच्या मुलींनी पुढे ऑस्ट्रियातील पोहण्याच्या शर्यती गाजविल्या.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी युडिट डॉइच, रूट लांगर व लुसी गोल्डनर यांची निवड झाली. परंतु आपल्या बांधवांना छळणाऱ्या राजवटीच्या उत्सवात उतरण्यास तिघींनी नकार दिला. डॉइच तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती! राष्ट्रीय जलतरण संघाने तिघींवर बंदी घातली. डॉइचची विजेतेपदेही रद्द केली. जिंकलेली शर्यत वहीतून खोडता येते, ही कल्पना दप्तरवाल्यांनाच सुचावी.

१९३८ साली जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हाकोआ बंद पडले. तरीही मंडळाच्या चालकांनी खटपट करून आपल्या जलतरणपटूंना देशाबाहेर सुखरूप पोहोचविले. डॉइचची विजेतेपदे तिला परत मिळाली ती मात्र १९९५ साली.

यारोन झिल्बरमान यांच्या ‘वॉटरमार्क्स’ या २००४ सालच्या अनुबोधपटात यांतील काही स्त्रिया व्हिएन्नास परततात. ऐंशीच्या घरातील त्या वृद्धा आपल्या जुन्या तलावावर येतात, पोहण्याचा पोशाख चढवितात आणि पुन्हा पाण्यात उतरतात.