गद्य आणि पद्य : संकल्पनाभेद व मराठी परंपरा

प्रस्तावना :
मराठीच्या पाठ्यपुस्तकांत 'गद्य विभाग' व 'पद्य विभाग' ही वाटणी दीर्घकाळ रूढ आहे. सोयीसाठी केलेल्या या वाटणीतून दोन समज दृढ झाले. पद्य म्हणजे काव्य आणि गद्य म्हणजे व्यवहाराची भाषा, हा पहिला. मराठी गद्य ही इंग्रजी अमदानीची व मुद्रणकलेची देणगी, हा दुसरा. मराठी वाङ्मयाचा इतिहास पाहता हे दोन्ही समज तपासून घेणे आवश्यक ठरते.

संज्ञांचा अर्थ :
'गद्य' हा शब्द 'गद्' म्हणजे बोलणे या संस्कृत धातूशी, तर 'पद्य' हा 'पद' म्हणजे चरण या शब्दाशी निगडित आहे. बोलण्याच्या ओघात येते ते गद्य. चरणांत बांधलेले ते पद्य. चरणविभाग नसलेल्या पदरचनेला दंडीने गद्य म्हटले. मात्र गद्य, पद्य आणि मिश्र हे तिन्ही त्याने काव्याचेच प्रकार मानले. म्हणून बाणभट्टाची गद्य 'कादंबरी' काव्य ठरते, तर भास्कराचार्यांची 'लीलावती' पद्यात असूनही मूलतः गणिताचा ग्रंथ राहते. तात्पर्य, गद्य-पद्य हा रचनेचा भेद आहे. काव्य-अकाव्य हा भेद त्याहून वेगळा आहे.

महानुभावांची निवड :
तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून जमवून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. ते गद्यात आहे. याच पंथातील नरेंद्राने 'रुक्मिणीस्वयंवर' मात्र ओवीत रचले. १२९० मधील 'ज्ञानेश्वरी'ही ओवीबद्धच आहे. पद्य हाताशी असताना म्हाइंभटांनी गद्य स्वीकारले, याचा अर्थ ती निवड होती. स्वामींचे शब्द, स्थळ आणि प्रसंग जसेच्या तसे राखावयाचे होते. यमकासाठी शब्द बदलणे म्हणजे साक्ष बदलणे ठरले असते. म्हणूनच एकाच लीळेविषयीचे भिन्न पाठही तेथे नोंदलेले आढळतात.

पद्य स्मरणासाठी व गद्य लेखनासाठी, अशी सरळ विभागणीही येथे टिकत नाही. मूळ 'लीळाचरित्र' परचक्रात नष्ट झाले व अनुयायांनी ते स्मरणातून पुन्हा लिहिले, असे पंथपरंपरा सांगते. गद्यही श्रद्धेने मुखोद्गत होऊ शकत होते. पुढे महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत राहिल्याने हे गद्य विसाव्या शतकापर्यंत सर्वसामान्य वाचकांपासून दूर राहिले. 'मराठी गद्य अर्वाचीन' या समजाचे एक कारण येथे सापडते. दरम्यान बखरींनी गद्याचा प्रवाह चालूच ठेवला होता. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची आहे.

एकोणिसावे शतक :
मुद्रणाने गद्याला नवे वाचक आणि नवे कार्य दिले. १८३२ मध्ये 'दर्पण' निघाले. १८४८ पासून लोकहितवादींची 'शतपत्रे' 'प्रभाकर'मधून प्रसिद्ध होऊ लागली. १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली. आधी साक्ष देणारे गद्य आता वाद घालू लागले. तरीही पद्य मागे पडले नाही. महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांचा पवाडा रचला आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रामुख्याने संवादरूप गद्यात लिहिली. पवाडा गाऊन ऐकवता येतो, निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोहोचतो. संवादात शंका उपस्थित करून तिचे निरसन करता येते. एकाच विचाराला दोन्ही रूपांची गरज होती.

निष्कर्ष :
गद्य हे पद्याचे उणे रूप नव्हे आणि उशिरा आलेले रूपही नव्हे. पद्य शब्दांना लयीच्या बंधनात बांधते. गद्य त्यांना अन्वयाच्या व अर्थाच्या शिस्तीत ठेवते. कवी अनिलांच्या मुक्तछंदाने विसाव्या शतकात ही सीमारेषा आणखी लवचीक केली. त्यामुळे अध्यापनात 'हे गद्य की पद्य' या प्रश्नावर न थांबता, 'लेखकाने हेच रूप का निवडले' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला, तर वाङ्मयाचा इतिहास केवळ सनावळी न राहता निवडींचा इतिहास म्हणून उलगडेल.