दंतवैद्यकातील निर्जंतुकीकरण

दातांवरील उपचारांत एका रुग्णाचे जंतू दुसऱ्या रुग्णाला, डॉक्टरला किंवा मदतनिसाला लागू नयेत म्हणून केली जाणारी व्यवस्था. दाढ काढताना रक्त येते, हँडपीस (दात कोरण्याचे फिरते यंत्र) फिरताना लाळेचे तुषार उडतात. शिवाय हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस टिकतो. म्हणून बीड तालुक्यातील, धुळे–सोलापूर महामार्गावरच्या चौसाळ्यासारख्या गावातही मुंबईच्याच कसोट्या लागू पडतात.

पद्धत : पहिली पायरी धुण्याची. रक्त वाळून बसले की त्याखालचे जंतू वाफेपासून बचावतात. हत्यारे घासून, वाळवून, पाकिटात बंद करून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवतात. हे यंत्र शार्ल शांबरलां यांनी 1879 मध्ये पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत तयार केले. त्याचे तत्त्व प्रेशर कुकरचेच : दाबाखालची वाफ 121 अंश सेल्सिअसला 15 मिनिटांत, तर 134 अंशांना सुमारे 3 मिनिटांत जंतूंचे बीजाणूही मारते. यंत्र तापायला आणि पाकिटे वाळायला लागणारा वेळ वेगळा.

नुसत्या उकळीने हे साधत नाही. चौसाळ्याभोवतीच्या बालाघाट पठारावर पाणी 100 अंशांच्या थोडे आधीच उकळते आणि चिवट बीजाणू त्यातून जिवंत राहतात. स्पिरिटचा बोळा फिरवणे तर त्याहून अपुरे.

ग्रामीण अडचणी : मधेच वीज गेली, तर राहिलेली मिनिटे नंतर भरून काढता येत नाहीत, पूर्ण चक्र पहिल्यापासून चालवावे लागते. बोअरच्या जड पाण्याने यंत्रात क्षार साचतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरतात. पाकिटावरची रंग बदलणारी खूण फक्त उष्णता पोहोचल्याचे सांगते. जंतू मेले की नाही, हे बीजाणू-चाचणीच सांगते. ती दर आठवड्याला करणे योग्य.

हलगर्जीची किंमत : तमिळनाडूतील वाणियंबाडी परिसरात 2022-23 मध्ये मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या मेलिऑइडोसिस या जिवाणू-संसर्गाची साथ आली. एकूण 21 रुग्ण आढळले. त्यांतील 10 जणांचा माग एका दंत दवाखान्यापर्यंत गेला आणि या 10 पैकी 8 दगावले. तिथे सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडून पुन्हा पुन्हा वापरली जात होती. ऑटोक्लेव्ह कितीही चांगला असला, तरी अशी एक बाटली सगळी मेहनत वाया घालवते.

कचरा व कायदा : जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 नुसार रक्ताळलेला कापूस आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सुया टोचून भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात जातात. डॉक्टर व मदतनीस यांनी हिपॅटायटिस-बी लसीचे तीनही डोस घेतलेले असावेत.

रुग्णाने काय पाहावे : खुर्चीवर बसल्यावर हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे, सुई नवी आहे का हे विचारावे. हा रुग्णाचा हक्क आहे आणि चांगला डॉक्टर असे विचारल्याचा राग धरत नाही.